पात्याच्या बुंध्यावरचा जपान

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चाकूवर तारीख नसते. नाण्यावर साल असतं, पुस्तकाच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर आवृत्तीचं वर्ष असतं. खिशातला मिटता चाकू मात्र आपलं वय सांगत नाही. आणि तो जुना जपानी चाकू असेल तर बहुतेक वेळा बनवणाऱ्याचं नावही सांगत नाही. तरीसुद्धा असा एखादा चाकू हातात घेऊन 'हा १९४७ ते १९५२ या काळातला' किंवा 'हा १९८१ च्या आधीचा असूच शकत नाही' असं छातीठोकपणे सांगता येतं. ते कसं, हे आज सांगायचं आहे.

गेली बरीच वर्षं मी हे जपानी चाकू जमवतो, उघडून-मिटून पाहतो, भिंगाखाली धरतो. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. या चाकूंवरची अक्षरं कारागिराने हौसेने कोरलेली नाहीत. गिऱ्हाईक देशाच्या कायद्याने ती त्याच्याकडून लिहून घेतलेली आहेत. म्हणून चाकूचं वय काढायला बसलं की लोहारकामाच्या आधी जकातीचे कायदे वाचावे लागतात.

प्रथम पाहायचं कुठे ते सांगतो. चाकू पूर्ण उघडा. धार जिथे संपते आणि पातं खिळ्यापाशी मुठीत शिरतं, तिथे नखाएवढी बोथट, सपाट जागा असते. तिला आपण पात्याचा बुंधा म्हणू. चाकूची जन्मपत्रिका इथे असते. दोन्ही बाजू पाहा. दोन-तीन पाती असतील तर प्रत्येक पात्याचा बुंधा पाहा, कारण एकावर नाव आणि दुसऱ्यावर देश असंही असतं. उजेड समोरून नको, तिरपा हवा. झिजलेली अक्षरं तिरप्या उजेडातच वर येतात.

आता ही अक्षरं आली कुठून? अमेरिका हे जपानी मालाचं मोठं गिऱ्हाईक. त्या देशाने १८९० साली मॅकिन्ले यांच्या नावाने ओळखला जाणारा जकातीचा कायदा केला. १८९१ च्या मार्चपासून परदेशी मालावर तो कोणत्या देशाचा आहे हे इंग्रजीत लिहिणं सक्तीचं झालं. जपानी व्यापारी आपल्या देशाला म्हणतात तेच लिहू लागले – 'निप्पॉन'. तीस वर्षं ते चाललं. मग १९२१ साली अमेरिकेच्या जकात खात्याला साक्षात्कार झाला, की 'निप्पॉन' हा काही इंग्रजी शब्द नव्हे, तो जपानी आहे. यापुढे 'जपान' असंच लिहिलं पाहिजे. देश तोच, लोक तेच, भट्टीही तीच. ठसा तेवढा बदलला. म्हणजे 'निप्पॉन' असेल तर १८९१ ते १९२१, आणि अमेरिकेसाठीच्या मालावर 'जपान' किंवा 'मेड इन जपान' असेल तर बहुधा १९२१ च्या पुढचा. पहिली पायरी झाली.

चाकूंच्या बाबतीत अमेरिकेचा कायदा आणखी कडक होता. चाकूवर कागदी चिठ्ठी चिकटवून भागत नसे. १९२२ च्या आणि पुढे १९३० च्या जकात कायद्यात मिटत्या चाकूंसाठी वेगळं कलमच होतं. पात्याच्या बुंध्यावर, ठशाने दाबून, पुसलं जाणार नाही असं, बनवणाऱ्याचं किंवा विकत घेणाऱ्याचं नाव असलं पाहिजे आणि त्या नावाच्या खाली देशाचं नाव असलं पाहिजे.

यातल्या 'किंवा विकत घेणाऱ्याचं' या शब्दांकडे नीट लक्ष द्या. जपानी चाकूंचं पुढचं सगळं कोडं या शब्दांत आहे. अमेरिकेतला व्यापारी जपानातून हजारो चाकू मागवणार आणि ठसा स्वतःच्या नावाचा मारायला सांगणार. कायद्याचं त्याने समाधान होतं. चाकू बनवणाऱ्याचा उल्लेख व्हायला हवा, असं कोणाचंच म्हणणं नव्हतं. त्यामुळे आज बुंध्यावर वरच्या ओळीत एखादं अमेरिकी नाव आणि खाली बारीक अक्षरात 'जपान' दिसलं, तर वरचं नाव कारखान्याचं समजू नका. ते बहुधा दुकानदाराचं किंवा आयातदाराचं असतं. मात्र कालनिर्णयाला ते उपयोगी पडतं: ती पेढी कधी सुरू झाली, कधी बंद पडली, पत्ता कधी बदलला, हे शोधता येतं.

याच संदर्भात एक आख्यायिका तुमच्या कानावर आली असेल. जपान्यांनी म्हणे एका गावाचं नाव मुद्दाम 'उसा' ठेवलं, म्हणजे मालावर 'मेड इन यूएसए' असं छापून अमेरिकेला फसवता येईल. मला ही गोष्ट चाकू दाखवायला आलेल्या किमान चार-पाच जणांनी सांगितली आहे, आणि प्रत्येकाला ती अगदी खात्रीच्या माणसाकडून कळलेली होती! गोष्ट चटकदार आहे, पण खोटी आहे. उसा नावाचं ठिकाण क्यूशू बेटावर आहे खरं. पण तिथलं हाचिमान देवाचं मंदिर हजार वर्षांहून जुनं आहे आणि नावही तितकंच जुनं. शिवाय कायदा गावाचं नव्हे, देशाचं नाव मागत होता. गावाचं नाव मारून बंदरावरून माल सुटला नसता.

या सगळ्या ठशांमध्ये मला सर्वांत अस्वस्थ करणारा ठसा आहे 'मेड इन ऑक्युपाइड जपान'. ऑक्युपाइड म्हणजे परक्यांच्या ताब्यातला. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीच्या कागदावर सही केली आणि देशाचा कारभार दोस्त राष्ट्रांच्या लष्करी प्रशासनाच्या हाती गेला. १९४७ मध्ये खासगी निर्यात पुन्हा सुरू झाली, ती या अटीवर की मालावर हे शब्द असतील. १९४९ च्या अखेरीस ती सक्ती सैल झाली आणि २८ एप्रिल १९५२ रोजी शांतता तह अमलात आल्यावर ताबाच संपला. संग्राहकाच्या दृष्टीने याहून सोपं काम नाही. ठसा पाहिला की पाच वर्षांची चौकट हातात येते. पण घटकाभर त्या ठसा मारणाऱ्याचा विचार करा. भट्टी त्याची, हात त्याचे आणि दिवसभरात शेकडो पात्यांवर त्याला उमटवायचं होतं, की माझा देश माझ्या ताब्यात नाही.

इथे दोन सावधगिरीच्या सूचना. हा ठसा नसला म्हणजे चाकू त्या वर्षांतला नाही, असं सिद्ध होत नाही. शेवटच्या अडीच वर्षांत नुसतं 'जपान' लिहिलेलं चालत होतं. आणि दुसरं, या शब्दांना संग्राहक जास्त पैसे मोजतात, म्हणून नकली ठसेही निघतात. खरा ठसा पात्याबरोबरच म्हातारा झालेला असतो. अक्षरांच्या तळातही तोच काळपटपणा, तोच जुना गंज असतो. काळ्या पात्यात अक्षरं तेवढी लख्ख दिसली, की खिशात हात घालायची घाई करू नये.

आता हे चाकू जिथे बनत, त्या गावाकडे जाऊ. जपानच्या मध्यभागी गिफू प्रांतात सेकी नावाचं शहर आहे. तेराव्या-चौदाव्या शतकापासून तिथे तलवारी बनत आल्या. जपानी तलवारीचा एक रिवाज इथे सांगायला हवा. तलवारीचा कारागीर आपलं नाव पात्याच्या बुंध्यावरच कोरतो, मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावर. मूठ काढल्याशिवाय ते नाव दिसत नाही. त्या बुंध्यावरचा गंज कधीही साफ करत नाहीत, कारण गंजाचा रंग आणि पोत पाहूनच जाणकार तलवारीचं वय ठरवतात.

१८७६ साली मेइजी सरकारने हुकूम काढला, की सैन्य-पोलीस सोडून इतरांनी कमरेला तलवार लावून हिंडायचं नाही. सामुराईंची तलवार गेली, तसं सेकीच्या लोहारांचं गिऱ्हाईकही गेलं. ते सुऱ्या, कात्र्या, वस्तरे आणि खिशातल्या चाकूंकडे वळले. १९०८ साली एंडो साइजिरो यांनी सेकीत सुरू केलेला धंदाही अशा मिटत्या चाकूंचाच होता. त्याचीच पुढे 'काई' ही मोठी कंपनी झाली. मग महायुद्धाच्या काळात सेकीत पुन्हा तलवारी बनू लागल्या, लष्करी अधिकाऱ्यांसाठी, हजारोंनी. पराभवानंतर त्यावर बंदी आली आणि गाव पुन्हा चाकू-कात्र्यांवर आलं. एकाच गावाला दोनदा तलवार खाली ठेवावी लागली आणि दोन्ही वेळा खिशातल्या चाकूने हात दिला.

पण तलवारीच्या बुंध्यावर जे नाव होतं, ते चाकूच्या बुंध्यावर उतरलं नाही. याला व्यापाऱ्याइतकंच आणखी एक कारण आहे. सेकीत काम वाटून करायची पद्धत. एका घरी पातं ठोकून कापायचं, दुसरीकडे त्याला पाणी द्यायचं, तिसरीकडे धार, चौथीकडे मूठ बसवायची आणि शेवटी घाऊक व्यापाऱ्याकडे माल गोळा व्हायचा. एका चाकूला चार-पाच घरांचे हात लागलेले. मग सही करायची कोणी? सेकीचा चाकू कोणाचा, असं विचारलं तर गावाचा, एवढंच खरं उत्तर आहे.

परदेशासाठी केलेल्या या चाकूंच्या बरोबरीने जपानी मुलांच्या खिशात एक वेगळाच चाकू होता. त्याचं नाव 'हिगोनोकामी'. शब्दशः अर्थ 'हिगो प्रांताचा सुभेदार'. नाव भारदस्त, पण चीज अगदी साधी. पत्र्याची दुमडलेली मूठ, एक पातं, एक खिळा. आत स्प्रिंग नाही की कुलूप नाही. पात्याच्या मागे शेपटीसारखा छोटा दांडा बाहेर आलेला असतो. तो अंगठ्याने दाबला की पातं उघडतं आणि कापताना अंगठा त्यावर ठेवला की मिटत नाही. कोबे शहराजवळ मिकी नावाचं हत्यारांचं गाव आहे, तिथे १८९० च्या दशकात हा चाकू बनू लागला. शाळकरी पोरं त्याने पेन्सिलीला टोक काढत, बांबूची खेळणी करत. यावर इंग्रजी अक्षर सहसा नसतं, कारण तो जकातीच्या नाक्यावरून जाण्यासाठी जन्मलाच नव्हता. नाव जपानी लिपीत, तेही बुंध्यावर नाही, मुठीवर. ते वापरायचा हक्क मिकीच्या चाकूवाल्यांच्या संघातल्या सभासदांनाच होता. म्हणून मुठीवर 'हिगोनोकामी'च्या जोडीला बनवणाऱ्याचं स्वतःचं नाव किंवा खूणही आढळते. निर्यातीच्या चाकवर जे हरवलं, ते घरच्या साध्या चाकवर टिकलं.

या चाकूला उतरती कळा लागली १९६० नंतर. १२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोत समाजवादी पक्षाचे नेते असानुमा इनेजिरो भर सभेत भाषण करत असताना सतरा वर्षांच्या एका मुलाने त्यांना भोसकून ठार केलं. हत्यार आखूड जपानी तलवारीचं होतं, हिगोनोकामी नव्हे. पण देश हादरला आणि मुलांच्या हाती धारदार वस्तू नको, अशी मोहीम गावोगावी सुरू झाली. तोवर पेन्सिलीची टोकयंत्रंही आली होती. मिकीतले कारखाने एकेक करून मिटले. परंपरेने हे नाव लावणारा आता 'नागाओ कानेकोमा' हा एकच कारखाना उरला आहे. तेव्हा तुमच्या हातातल्या हिगोनोकामीवर दुसऱ्याच कोणाचं नाव असेल, तर तो मिटून गेलेल्या कारखान्यांपैकी एकाचा असण्याचा संभव मोठा. तो जपून ठेवा.

बुंध्यावरचं वाचून झालं की मुठीकडे वळा. जुन्या चाकूंच्या मुठी बऱ्याचदा सेल्युलॉइडच्या असतात. मोत्यासारख्या चमकणाऱ्या किंवा कासवाच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या. मूठ अंगठ्याने जोरात घासा आणि वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. ते बनतंच कापूर घालून, आणि १८९५ ते १९४५ या काळात कापराचं मोठं आगर असलेलं तैवान जपानच्याच ताब्यात होतं. सेल्युलॉइड भयंकर पेट घेतं, म्हणून तापवलेली सुई टोचून पाहण्याचा प्रयोग कृपा करून करू नका. म्हातारं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारच्या पात्यांना गंज चढतो. असा चाकू बंद डबीत किंवा इतर चाकूंबरोबर ठेवायचा नाही. याउलट मूठ डेलरीन नावाच्या प्लास्टिकची असेल, तर ते १९६० च्या सुमारासच बाजारात आलं आहे, हे लक्षात ठेवा.

चाकूची घडण हीसुद्धा साक्षीदार असते. पातं उघडल्यावर पाठीमागून कुलूप बसणारा, दोन्ही टोकांना पितळी टोप्या असलेला, जाडजूड चाकू पाहिलाय? तो घाट अमेरिकेच्या 'बक ११०' या चाकूने लोकप्रिय केला, १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात. त्याच्या जपानी नकला अर्थातच नंतरच्या. पात्याला अंगठ्याने उघडण्यासाठी गोल भोक आणि मुठीला खिशात अडकवायची पट्टी असेल, तर ती 'स्पायडर्को' कंपनीची १९८१ ची कल्पना. खोका सोबत असेल तर तोही वाचा. अमेरिकी पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर खोका जुलै १९६३ नंतरचा. काळ्या रेघांचा बारकोड असेल तर १९७४ नंतरचा. फक्त तो खोका त्याच चाकूचा आहे ना, एवढं पाहून घ्या.

शेवटचा टप्पा पैशाचा. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन हा दर बांधलेला होता. या स्वस्त येनच्या आधाराने सेकीचे चाकू अमेरिकेत टोपल्यांनी गेले. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी डॉलर उतरवायचं ठरवलं आणि २४० येनच्या आसपासचा डॉलर दोन वर्षांत १५० च्या खाली आला. जपानी चाकू महाग झाले. स्वस्त मालाच्या मागण्या तैवानला आणि मग चीनला गेल्या. म्हणून अमेरिकी दुकानदाराचं नाव आणि खाली 'जपान' असलेला साधा, स्वस्त चाकू बहुधा त्याआधीच्या वीस-पंचवीस वर्षांतला निघतो.

गंमत अशी, की स्वस्ताई संपत आली त्याच सुमाराला बुंध्यावर एक नवं नाव उमटू लागलं. 'केरशॉ' ही कंपनी १९७४ साली ऑरेगनमध्ये निघाली. तिच्या चाकवर तिच्या नावाबरोबर 'काई' हे बनवणाऱ्या कंपनीचं नावही आलं. १९७९ मध्ये सुरू झालेल्या 'अल मार' या अमेरिकी कंपनीच्या पात्यांवर 'सेकी-जपान' दिसू लागलं. स्पायडर्कोच्या पात्यांवर 'सेकी-सिटी जपान'. हे कोणत्याही कायद्याने मागितलेलं नव्हतं. गिऱ्हाइकाला आता तो चाकू सेकीचा आहे हे कळायला हवं होतं, त्यात मोल होतं. आपल्याकडेही 'जपानी माल' म्हणजे तकलादू माल, असं एके काळी सर्रास म्हटलं जाई. त्याच मालावर गावाचं नाव अभिमानाने यायला शंभर वर्षं लागली. कारागिराचं नाव नाही, पण निदान गावाचं.

हे सगळं ऐकून कोणी कपाट उपसायला घेतलं, तर माझी एकच विनंती आहे. सापडलेला चाकू घासू नका. चिंच, राख, पॉलिशपेपर, काही नको. लख्ख करण्याच्या नादात बुंध्यावरची अक्षरं जातात आणि ती गेली की चाकू मुका होतो. मऊ फडक्याने पुसा, खिळ्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा, पुरे. आणि तो घरात कोणी आणला, कोणत्या बंदरातून, कोणत्या साली, हे सांगणारं माणूस अजून असेल तर आजच विचारा आणि चिठ्ठीवर लिहून चाकूबरोबर ठेवा. बनवणाऱ्यांची नावं आता मिळणार नाहीत. ज्याने तो वापरला त्याचं नाव तरी राहू द्या.